बेळगावच्या टिळकवाडीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान : व्हायरस कुठनं शिरला ते शोधून देणारे लोक

दोन ओळीत "छान सर्व्हिस, रेट बरोबर" असं लिहून मोकळी झाले असते, पण मग या दुकानाचं खरं काम काय ते कुणालाच कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. वेळ असेल तर पूर्ण वाचा, विशेषतः ज्यांचं झेरॉक्सचं, डीटीपीचं, ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे त्यांनी तर वाचाच.

आमचं खानापूरला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, यात्रेची पत्रकं, मंडळांची पावती पुस्तकं, भूमीचा उतारा काढून देणं, मुलांची प्रोजेक्टं, सगळं. दोन कॉम्प्युटर आहेत, एक काउंटरवर जिथं गिऱ्हाईकांचे पेन ड्राईव्ह लागतात आणि एक आत, डिझाईनचा. दिवसाला पंधरा-वीस पेन ड्राईव्ह तरी लागतात, परीक्षेच्या दिवसात तर मोजायलाच नको.

२०२३ च्या उन्हाळ्यात काउंटरच्या मशीनला शॉर्टकटवाला व्हायरस लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेन ड्राईव्ह उघडला की आपले फोल्डर दिसतात, नावं तीच, पण आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि साईज बघितली तर एक-दोन केबी. क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून कुणाला संशय येत नाही. आम्ही तिथल्याच एका रिपेअरवाल्याला बोलावलं, नाव घेत नाही, त्याचंही पोट त्याच्यावरच आहे. त्यानं पाचशे रुपये घेऊन फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसलं, कॉपी विंडोज टाकलं, कॉपीच अँटीव्हायरस टाकला आणि "अपडेट बंद करून ठेवलंय, नेट वाचतंय तुमचं" म्हणून गेला. दीड महिन्यात परत तेच. परत पाचशे, परत फॉरमॅट.

मला पैशाचं एवढं वाटलं नाही. वाईट वाटलं ते आमच्या मराठी शाळेतले एक गुरुजी दुकानात आले तेव्हा. गिऱ्हाईक उभं असताना काही बोलले नाहीत, गर्दी कमी झाल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्याकडं लावल्यापासनं माझ्या पेन ड्राईव्हचं असं झालंय, आणि तो मी शाळेच्या कॉम्प्युटरला लावला, आता तिथल्या सगळ्या मशीनला झालंय." म्हणजे आमच्या दुकानातनं शाळेत गेला, शाळेतनं पोरांच्या घरी गेला असणार. विहिरीत काही पडलं की अख्ख्या गावाच्या घागरीत येतं ना, तसं आमचं काउंटर झालं होतं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आणि त्यातच ऑगस्टमध्ये दुसरा प्रकार. गणपतीचं काम जोरात, मंडळांची पावती पुस्तकं, वर्गणीची पत्रकं, आणि त्या शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका आमच्याकडं होती, ८४ पानांची, जुन्या फोटोंसकट. दिराचा मुलगा मदतीला येतो, हुशार आहे, त्यानं डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन फुकट मिळतंय म्हणून नेटवरनं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची कॉपी, डाउनलोड केला. त्यासोबत एक सूचना होती, इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा. त्यानं बंद केला. मग विंडोज अपडेट चालू आहे असं दाखवणारी खिडकी आली, टक्के पुढं सरकत होते, आम्ही चहा प्यायला गेलो. आल्यावर बघतो तर एकही फाईल उघडेना. सगळ्या फाईलींच्या नावामागं चार अक्षरांचं कसलंतरी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाईल. इंग्रजीत लिहिलेलं, तुमच्या फाईली कुलूपबंद केल्यात, ९८० डॉलर भरा, ७२ तासांत संपर्क केलात तर अर्धे, ४९०. बॅकअपची हार्ड डिस्क होती आमच्याकडं, पण ती सोयीसाठी चोवीस तास मशीनलाच लावलेली असायची, त्यामुळं तीसुद्धा कुलूपबंद.

रिपेअरवाल्याला फोन केला तर म्हणाला फॉरमॅट मारूया. तेव्हा मिस्टरांच्या मित्रानं या टिळकवाडीच्या दुकानाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी, पुतण्या, आणि पिशवीत सीपीयू. (बायकांना बस फुकट झाली तेव्हापासनं बेळगावला जायाचं म्हणजे विचार कराय लागत नाही, पण सीपीयू मांडीवर घेऊन उभं राहायचं म्हणजे काय ते विचारू नका.) खानापूरकडनं येणाऱ्यांनी बसस्टँडपर्यंत जाऊ नका, गोवावेसला उतरा, तिथनं रिक्षा करा. पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. मालक साठीच्या आसपासचे, आणि हाताखाली एक मुलगी आहे, ती कन्नड, मराठी दोन्ही बोलते.

इथं पहिला फरक दिसला. सीपीयू टेबलावर ठेवला तर त्यांनी वायर लावलीच नाही. वही काढली आणि विचारलं, "अक्का, शेवटचं काय उघडलं होतं? कुणी काय इन्स्टॉल केलं? किती वाजता? दुसरं कुठलं मशीन याला जोडलेलं होतं? डिस्क लावलेली होती का?" पुतण्या गप्प. त्यांनी त्याच्याकडं बघून म्हटलं, "मी पोलीस नाही बाळा. खरं सांग, तुझ्या काकूचं काम वाचवायचंय." मग पोरानं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, फक्त लिहून घेतलं. फॉरमॅट मारूया असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत, उलट म्हणाले की आधी असं कुणी फॉरमॅट मारलं असतं तर जे थोडं मिळणार तेही गेलं असतं.

त्यांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, ते मशीन नेटला जोडलेलं नव्हतं. रीडमी फाईल उघडून खालचा लांबलचक आयडी नंबर मला दाखवला. म्हणाले, हा व्हायरस स्टॉप किंवा डिजेव्हीयू नावानं ओळखतात, २०१८ पासनं चालू आहे, जास्त करून क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधनं पसरतो. आयडीच्या शेवटी टी आणि १ असेल तर त्या वेळी व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, आणि त्यानं सगळ्यांना लावतो तीच किल्ली वापरलीय असं समजायचं, मग एमसिसॉफ्ट कंपनीचं फुकट टूल आहे त्यानं कधीकधी उघडतं. आमच्या आयडीच्या शेवटी ते नव्हतं. म्हणजे आमच्या मशीनसाठी वेगळी किल्ली बनली आणि ती चोराकडंच आहे. नो मोअर रॅन्सम म्हणून अशी कुलपं उघडायची टूल फुकट देणारी साईट आहे, २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून काढलेली, तिथंही त्यांनी तपासलं. मग स्पष्ट सांगितलं, "हे उघडणार नाही. मी चार दिवस ठेवून घेऊन पाच हजार घेऊ शकतो, पण उघडणार नाही. आणि पैसे भरू नका, किल्ली येईलच याची कुणाची खात्री नाही."

मी तिथं रडले खरं सांगायचं तर. त्या मुलीनं पाणी दिलं.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी हे सगळं लिहितेय. ते म्हणाले हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच तो कुलूपबंद करतो, बाकीचा तसाच सोडतो. छोट्या फाईली त्यामुळं पूर्ण जातात, पण मोठ्यांमध्ये आशा असते. विचारलं, मोठं काय आहे? स्मरणिकेचे जुने फोटो स्कॅन करून मी त्यांची एक मोठी झिप केली होती, एक जीबीच्या वर. त्यांनी त्या झिपची कॉपी काढली, शेपूट काढून नाव सरळ केलं, सेव्हन झिपमध्ये उघडली. पहिला फोटो तुटला. दुसरा उघडला. १९५०-६० मधल्या वर्गाचा ग्रुप फोटो, पोरं जमिनीवर मांडी घालून, मागं टोपीवाले मास्तर, स्क्रीनवर पूर्ण आला. मग एकामागून एक सगळे. पहिला एक सोडून सगळे फोटो मिळाले. हे फोटो लोकांनी घरच्या ट्रंकेतनं काढून दिलेले होते, स्कॅन झाल्यावर परत नेलेले, काही तर पार पुण्यामुंबईला गेलेले.

मजकुराचं काय? त्यांनीच विचारलं प्रूफ कुणाला पाठवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गुरुजींना पीडीएफ पाठवलेली होती, ती मिळाली. त्यावरनं ६० पानं परत टाईप केली आम्ही घरातल्या तिघांनी मिळून, बाकीची २४ पानं प्रेसकडं आधीच गेलेली होती. पत्रिकांची जुनी डिझाईनं मात्र गेली ती गेलीच, सात वर्षांची. ती डिस्क त्यांनी पुसू दिली नाही, पाकिटात घालून वर तारीख लिहून दिली, "कधीतरी पोलिसांनी टोळी पकडली आणि किल्ल्या बाहेर आल्या तर, ठेवा कपाटात." अजून आहे.

आणखी एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नसती. या जातीच्या व्हायरससोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही बऱ्याचदा येतो म्हणून त्यांनी तिथंच बसवून, माझ्या मोबाईलवरनं, ईमेलचा, बँकेचा, सगळे पासवर्ड बदलायला लावले. त्याच कॉम्प्युटरवरनं बदलले असते तर नवे पण चोराकडं गेले असते. हे झाल्याशिवाय जिना उतरू दिला नाही. सीईएन पोलीस ठाण्यात (सायबर गुन्हे बघणाऱ्या) तक्रार द्या असंही सांगितलं, आणि पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला.

बिल झालं २,१०० रुपये, त्यात नवीन डिस्क धरून नाही, डिस्कचे वेगळे. कुलूपबंद फाईलींवर जो वेळ घालवला त्याचे शून्य रुपये लावले. हाताने लिहिलेलं बिल, प्रत्येक कामाची वेगळी ओळ.

आता काउंटरच्या मशीनबद्दल. आठवड्यानं मी ते मशीन त्यांच्याकडं घेऊन गेले. पेन ड्राईव्ह लावून त्यांनी मला समोर बसवून दाखवलं. काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिब म्हणून एक कमांड टाईप केली, एंटर मारला, आणि पेन ड्राईव्हमध्ये एक बिननावाचा फोल्डर उगवला. त्यात सगळ्या खऱ्या फाईली. म्हणजे व्हायरसनं फाईली पुसल्याच नव्हत्या, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये कोंबल्या होत्या आणि बाहेर त्याच नावाच्या शॉर्टकटच्या पाट्या लावल्या होत्या. पाटीवर क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, ती कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसते, आणि मग खरा फोल्डर उघडून दाखवते. त्यानंतर त्या मशीनला जो पेन ड्राईव्ह लागेल त्यात उतरते. "बघा, यात हुशारी काही नाही," म्हणाले, "तुम्ही क्लिक करता तेवढ्यावर त्याचं घर चालतंय."

ते फ्लॉपीच्या काळापासनं या धंद्यात आहेत. म्हणाले पीसीचा पहिला गाजलेला व्हायरस ब्रेन, १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी बनवलेला, त्यांनी त्यात स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर पण टाकला होता, आणि तोही फ्लॉपीवरनं दुकानातनं दुकानात असाच फिरला. फ्लॉपी गेली, सीडी आली, पेन ड्राईव्ह आला, आणि देवाणघेवाण करणारी आपली दुकानं तीच राहिली.

मग मी विचारलं की फॉरमॅट मारूनही परत कसा यायचा. उत्तर साधं होतं. फॉरमॅट मशीनचा झाला, पेन ड्राईव्ह आमच्या ड्रॉवरमधले तसेच होते, शाळेतले तसेच होते, पुतण्याच्या खिशातला तसाच होता. पहिल्याच दिवशी परत शिरला असणार. दार उघडं ठेवून घर झाडल्यासारखं ते.

त्यांनी काउंटरच्या मशीनवर विंडोजच काढून टाकलं, लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, फुकटची सिस्टीम. मला भीती वाटली, शिकाय लागणार म्हणून. पण काउंटरवर काम काय, पेन ड्राईव्ह उघडायचा, पीडीएफ बघायची, प्रिंट मारायची. दोन दिवसात सवय झाली. फायदा असा की विंडोजसाठी लिहिलेली ती शॉर्टकटची पाटी आणि स्क्रिप्ट तिथं नुसती पडून राहते, क्लिक केलं तरी काही चालत नाही, आणि लपवलेला बिननावाचा फोल्डरसुद्धा दिसतो. गिऱ्हाईकाचा पेन ड्राईव्ह आता आतल्या मशीनला कधीच लागत नाही, फाईल पाहिजे असेल तर काउंटरवर तपासून मग आत. तोटा पण सांगते, श्रीलिपी या मराठी फॉन्टमधल्या जुन्या वर्डच्या फाईली तिथं नीट दिसत नाहीत, म्हणून आम्ही पाटीच लावली, "कृपया पीडीएफ आणावी". सुरुवातीला लोक कुरकुरले. आणि आमचा जुना प्रिंटर लिनक्सवर चालवायला त्यांना अर्धा दिवस गेला, ते त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, मला त्या दिवशीची शेवटची बस पकडताना पळाय लागलं.

आतल्या मशीनवर खरं विंडोज, बिलासकट. मी म्हटलं अँटीव्हायरस कुठला घेऊ. ते क्विक हील विकतात, आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंची कंपनी, कैलास काटकर आधी कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे हे त्यांनीच मला सांगितलं, फार अभिमानानं. पण मला म्हणाले की तुमच्याकडं विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू राहू दे, अपडेट चालू राहू देत, तुमच्या एका मशीनला तेवढं पुरतंय. पाच-सहा मशीनचं ऑफिस असतं तर विकला असता. दोन अँटीव्हायरस एका मशीनवर ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात. आणि क्रॅक केलेला अँटीव्हायरस म्हणजे चोरालाच वॉचमन ठेवणं, आमच्यावर जो होता तो कित्येक महिने काही बघतच नव्हता, हिरवी टिकमार्क मात्र दाखवायचा.

ते त्यांनी सिद्ध करून दाखवलं. नोटपॅड उघडून ६८ अक्षरांची एक ओळ टाकली, आयकार म्हणून चाचणीची फाईल असते, निरुपद्रवी, सगळ्या चांगल्या अँटीव्हायरसना ती व्हायरस म्हणून ओळखायला शिकवलेलं असतं. जुन्या डिस्कवर सेव्ह केली, आमचा कॉपी अँटीव्हायरस ढिम्म. नव्या डिस्कवर सेव्ह केली तर दोन सेकंदात डिफेंडरनं उचलून बाजूला टाकली. मला शंभर लेक्चरपेक्षा हे जास्त कळलं.

अपडेटबद्दल मी खोदून विचारलं, कारण आमच्याकडं सगळ्यांना वाटतं की अपडेट केलं की मशीन स्लो होतंय. त्यांनी वॉनाक्राय नावाच्या, असाच फाईली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसचं सांगितलं. १२ मे २०१७ ला तो सुटला, दीडशेच्या आसपास देशांत गेला, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. तो पसरायला कुणी क्लिक करावं लागत नव्हतं, नेटवर्कमधनं आपोआप एका मशीनवरनं दुसऱ्यावर. आणि ज्या भोकातनं तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने. ज्यांनी टाकलं त्यांच्या दारावरनं तो पुढं गेला. आमचा पहिला रिपेअरवाला "नेट वाचतंय" म्हणून नेमकं तेच बंद करून गेला होता, हे ऐकून मिस्टर गप्पच झाले.

अजून काही बारीक गोष्टी केल्या. फाईलचं पूर्ण नाव शेपटासकट दिसेल अशी सेटिंग चालू केली, कारण विंडोज ते लपवतं आणि मग बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाईल, म्हणजे खरं तर चालणारा प्रोग्रॅम, आपल्याला बिल डॉट पीडीएफ दिसते. २००० सालचा आय लव्ह यू व्हायरस असाच प्रेमपत्राच्या टेक्स्ट फाईलचं सोंग घेऊन ईमेलवरनं आला होता, फिलिपिन्समधनं. रोजच्या कामासाठी साधं अकाउंट वेगळं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडं, पुतण्याला काही इन्स्टॉल करायचं तर मला विचारायला लागतं. आणि बॅकअपच्या दोन डिस्क, एक सोमवारी एक गुरुवारी, कॉपी झाली की काढून घरच्या कपाटात, दुकानात ठेवायचीच नाही. लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे असं त्यांनी डिस्कवरच मार्करनं लिहून दिलं, "काम झाल्यावर काढा". हे लिहिलेलं अजून पुसलेलं नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर लग्नसराईत वेगळंच सुरू झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून डॉट एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकायची फाईल, यायला लागली. हिमाचलच्या पोलिसांनीही तेव्हा इशारा दिला होता. ती फाईल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले एसएमएस वाचते, ओटीपी बाहेर जातो, आणि त्याच माणसाच्या नावानं पुढच्या सगळ्यांना तीच पत्रिका. ओळखीच्या नंबरवरनं येते म्हणून लोक उघडतात. आमच्या एका गिऱ्हाईकाची अशीच गत झाली, मामाच्या नंबरवरनं आलेली. मी त्यांना घेऊन याच दुकानात गेले. मालकांनी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वायफाय बंद, मग दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन करायला लावला, मग ते अ‍ॅप शोधलं, त्याला नाव नव्हतं, आयकॉन पण नव्हता, सेटिंगमधल्या यादीत तळाशी सापडलं. परवानग्या काढून अनइन्स्टॉल केलं. अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करायची जी परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला दिलेली होती ती बंद केली. पैसे गेले नव्हते, नशीब. शंभर रुपये घेतले.

त्याचा आमच्या धंद्यावर पण परिणाम झाला, लोक खरी पत्रिका उघडायला घाबरायला लागले. आता आम्ही पत्रिका फोटो किंवा पीडीएफच पाठवतो आणि नवऱ्यामुलाच्या घरच्यांना सांगतो की पाठवताना आधी एक व्हॉइस मेसेज टाका. पत्रिका कधीही डॉट एपीके नसते, हे मालकांचं वाक्य मी मराठी आणि कन्नड दोन्हीत प्रिंट काढून काउंटरला चिकटवलंय. कन्नड त्यांच्या त्या मुलीनंच लिहून दिलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा परत गेले. मला वाटलं आता नवीन मशीन गळ्यात मारणार, आमचा आतला कॉम्प्युटर जुना, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. पण त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या वर्षभराच्या जादा सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवून दिलं, म्हणाले पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सीझन काढा, पैसे साठवा, मग बघू. विकायची संधी होती आणि विकलं नाही, यापेक्षा मी काय सांगू.

ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते. फोन उचलत नाहीत, चार वेळा लावाय लागतो. पार्किंग नाही. वेळ सांगितली त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त धराच, सगळं स्वतः बघतात म्हणून लाईन लागलेली असते. गुडघे दुखणाऱ्यांना तो जिना त्रासाचा. रविवारी बंद. पावसाळ्यात लाईट गेली की कामं अडकतात, इन्व्हर्टर आहे पण सगळ्या मशीनला पुरत नाही. आणि क्रॅक सॉफ्टवेअर टाकून द्या म्हणाल तर देणार नाहीत, कितीही ओळख असू दे, त्यासाठी जाऊ नका.

जाताना एवढं करा, मशीनमध्ये काही झालं असेल तर आधी नेट बंद करा, नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, काही पुसू नका, धमकीची फाईल असेल तर तिचा मोबाईलवर फोटो काढा, आणि घरातल्या ज्यानं शेवटचं मशीन वापरलं त्याला सोबत घेऊन जा. ते पहिल्यांदा त्यालाच विचारणार आहेत.

स्मरणिका २०२४ च्या जानेवारीत छापून आली, त्या ग्रुप फोटोसकट. गुरुजी अजून येतात. परवा शाळेचे हजेरीचे तक्ते घेऊन आले, पेन ड्राईव्ह काउंटरला लावला तर आत बाणवाल्या चार पाट्या आणि एक बिननावाचा फोल्डर. कुठल्यातरी ट्रेनिंगला नेला होता म्हणाले. मी त्यांना स्क्रीन फिरवून दाखवलं, ही पाटी, हा खरा फोल्डर, ही ती स्क्रिप्ट. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं. मग मी तक्ते काढून घेतले, पाट्या आणि स्क्रिप्ट पुसली, प्रिंट दिली, आणि दुकानाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला, शाळेच्या बाकी मशीनसाठी.